यादी-संपादनाच्या आज्ञावलीची रचना : ‘टुडू-एमव्हीसी’ या नमुना-संहितेची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत ‘संहिता’ हा शब्द नाटकाच्या लेखनाला लागतो, कायद्याला लागतो आणि अलीकडे संगणकाच्या आज्ञावलीलाही लागू लागला आहे. पहिल्या दोन प्रकारच्या संहितांची समीक्षा करण्याची आपली परंपरा जुनी आहे. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र आपण केवळ ‘चालते की चालत नाही’ एवढ्याच दृष्टीने पाहतो. विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आज्ञावली चालली की गुण मिळतात. ती कशी लिहिली आहे, तिच्यातील कल्पना कोणत्या, त्या कोठून आल्या आणि कोणत्या ठिकाणी अपुऱ्या पडतात, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात एका अत्यंत साध्या कामाच्या आज्ञावलीचा या दृष्टीने विचार केला आहे. ब्राउझरमध्ये दिसणारी यादी संपादित करणे, म्हणजे तीत नोंद वाढवणे, दुरुस्त करणे, वगळणे, गाळून पाहणे, हे ते काम होय.

विषय साधा वाटला तरी तो आपल्या व्यवहारापासून दूर नाही. राजापेठ परिसरातील झेरॉक्सच्या आणि बांधणीच्या दुकानांत दर उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल बांधणीला येतात. ग्रंथालय व्यवस्थापन, वसतिगृह व्यवस्थापन, हजेरीपट, औषध दुकानाचा साठा अशी त्यांची शीर्षके असतात. मुखपृष्ठ बाजूला केले तर यांतील बहुतेक प्रकल्प म्हणजे एक यादी आणि तिचे संपादन एवढेच असते. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रवेशाची यादी, परीक्षा अर्जांची छाननी ही आपली स्वतःची कामेही आता ब्राउझरमधील यादीवरच चालतात. यादी चुकीच्या रीतीने बांधलेली असेल तर एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसू शकतात. म्हणून हा विचार केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरता नाही.

समीक्ष्य संहितेचे स्वरूप

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केली. आरंभी अर्जातील चौकट रिकामी राहिली तर सूचना देणे एवढ्यासाठीच बहुधा तिचा वापर होई. २००६ मध्ये जॉन रेसिग यांचे जेक्वेरी आले आणि पानावरील कोणताही घटक सहज शोधून बदलता येऊ लागला. २०१० मध्ये जेरेमी अॅश्केनास यांचे बॅकबोन, स्टीव्ह सँडरसन यांचे नॉकआउट आणि अँग्युलर अशी अनेक फ्रेमवर्क एकाच सुमारास अवतरली. कोणते निवडावे हा प्रश्न साहजिकच निर्माण झाला. त्याला उत्तर म्हणून अॅडी ओस्मानी यांनी २०११ च्या सुमारास ‘टुडू-एमव्हीसी’ हा उपक्रम सुरू केला. करावयाच्या कामांची एकच यादी, तिचे वागणे एकाच लेखी तपशिलाने बांधलेले, आणि ती प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेली, असे त्याचे स्वरूप आहे. नावातील ‘एमव्हीसी’ ही कल्पना मात्र पुष्कळ जुनी. माहिती, तिचे दर्शन आणि वापरकर्त्याच्या कृतीचे नियंत्रण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, ही मांडणी नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात केली होती.

आपल्याकडील समस्यापूर्तीची येथे आठवण होते. दरबारात एकच चरण दिला जाई आणि अनेक कवी आपापल्या परीने श्लोक पुरा करीत. चरण सर्वांना समान असल्यामुळेच कवींमधील भेद उठून दिसे. टुडू-एमव्हीसीचे सामर्थ्य नेमके हेच आहे. यादी तीच, म्हणून बॅकबोनमधील रचना आणि रिअॅक्टमधील रचना यांतील फरक डोळ्यांना दिसतो. ब्राउझरचा वेग मोजणाऱ्या स्पीडोमीटर या चाचणीनेही २०१४ मध्ये हीच यादी आधाराला घेतली. थोडक्यात, ही संहिता आज एक प्रकारे अभिजात ठरली आहे आणि अभिजात संहितेला जे भोगावे लागते तेच तिच्याही वाट्याला आले. विद्यार्थी ती वाचत नाहीत, उतरवून घेतात.

उतरवून घेताना एक गोष्ट दृष्टिआड होते. ही एका एकट्या माणसाची, त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये साठवलेली यादी आहे. तिला दुसरा वाचक नाही. तीतील नोंद चुकली तर कोणाचेही नुकसान होत नाही. अशा यादीचे नियम मतदारांच्या किंवा परीक्षार्थींच्या यादीला जसेच्या तसे लावले की अडचणी सुरू होतात.

अनुक्रमांक आणि ओळख

पहिली अडचण सर्वांत मोठी आहे, म्हणून तिच्याजवळ अधिक थांबणे अगत्याचे आहे. आपल्या मतदार यादीत प्रत्येक नोंदीला दोन क्रमांक असतात. एक त्या यादीभागातील अनुक्रमांक आणि दुसरा मतदार ओळखपत्राचा क्रमांक. अनुक्रमांक जागा सांगतो, ओळखपत्र क्रमांक माणूस सांगतो. मतदानाच्या दिवशी केंद्रावर चिठ्ठीतील अनुक्रमांक उपयोगी पडतो, कारण त्या दिवशी यादी गोठलेली असते. पण पुढे यादी नव्याने एकत्र करून छापली की अनुक्रमांक बदलू शकतो आणि गेल्या निवडणुकीची चिठ्ठी निरुपयोगी होते. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या कोणाही प्राध्यापकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

जावास्क्रिप्टमधील अॅरे ही मात्र केवळ अनुक्रमांकांची यादी आहे. तिच्यातील नोंद ‘तिसरी’, ‘चौथी’ अशीच ओळखली जाते, तीही शून्यापासून मोजून. त्यामुळे नवशिक्या माणसाला वगळण्याच्या बटणाबरोबर नोंदीचा अनुक्रमांक पाठवावा आणि स्प्लाइस ही क्रिया वापरून त्या जागेवरील नोंद काढून टाकावी, हे स्वाभाविक वाटते. यादी पूर्ण दिसत असेतो हे बरोबर चालते. पण समजा, प्राध्यापकाने बेचाळीस विद्यार्थ्यांच्या यादीतून ‘गुण न भरलेले’ एवढेच विद्यार्थी गाळून पडद्यावर घेतले. आता पडद्यावरील पाचवी ओळ ही मूळ यादीतील पाचवी नोंद नाही. ती एकतिसावी असेल. बटण दाबले की पाचवाच विद्यार्थी जातो आणि जो जायला हवा होता तो राहतो. आज्ञावली कोणतीही चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. तिला सांगितलेली जागा तिने रिकामी केली.

रिअॅक्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये हाच दोष अधिक सूक्ष्म रूपात येतो. रिअॅक्ट २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची मूळ कल्पना अशी की, यादी बदलली की संपूर्ण दर्शन पुन्हा नव्याने सांगावे आणि प्रत्यक्ष पानावर कोणते फेरफार करायचे ते फ्रेमवर्कने जुन्या-नव्याची तुलना करून ठरवावे. या तुलनेसाठी प्रत्येक ओळीला एक ओळखचिन्ह द्यावे लागते. ते दिले नाही तर फ्रेमवर्क इशारा देते. तो इशारा बंद व्हावा एवढ्यासाठी विद्यार्थी अनुक्रमांकच ओळखचिन्ह म्हणून देतात. मग तिसऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेश रद्द होऊन त्याची ओळ काढली जाते तेव्हा नावे एक घर वर सरकतात, परंतु गुणांच्या चौकटींत टंकलेले आणि अद्याप जतन न झालेले आकडे जागच्या जागी राहतात. रद्द झालेल्या विद्यार्थ्याचे गुण चौथ्याच्या नावापुढे, चौथ्याचे पाचव्याच्या, आणि शेवटची चौकट आपल्या आकड्यासह नाहीशी होते. फ्रेमवर्कने येथेही आज्ञा तंतोतंत पाळली आहे. ‘तिसरा तो तिसराच’ असे आपणच त्याला सांगितले होते.

टुडू-एमव्हीसीच्या तपशिलात प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख, मजकूर आणि ‘झाले’ ही खूण असे तीन भाग सांगितलेले आहेत, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. म्हणजे मूळ संहिता या बाबतीत निर्दोष आहे. दोष उतरवणाऱ्यांचा. तथापि, हा नियम का आहे ते संहिता सांगत नाही, आणि कामांच्या यादीत तो मोडला तरी कोणाला कळत नाही, ही तिची मर्यादा मानावी लागेल.

कच्चा मजकूर कोठे ठेवावा?

टुडू-एमव्हीसीत नोंदीवर दोनदा क्लिक केले की ती संपादनासाठी उघडते. एंटर दाबले किंवा बाहेर क्लिक केले की बदल पक्का होतो. एस्केप दाबले की रद्द होतो. तपशिलात आणखी एक छोटे वाक्य आहे : नोंद संपादनासाठी उघडी आहे ही गोष्ट साठवून ठेवू नये. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण तपशिलातील हे सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले वाक्य आहे. पक्की नोंद आणि तिच्यावर चाललेले लिखाण या भिन्न गोष्टी आहेत, असे ते सांगते. कार्यालयातील लिपिक मसुदा वेगळ्या कागदावर तयार करतो आणि मंजुरीनंतरच मूळ नस्तीला लावतो, तोच हा भेद.

अनेक आज्ञावल्यांत हा भेद पाळला जात नाही. प्रत्येक नोंदीच्या आतच ‘संपादन चालू’ अशी होय-नाहीची खूण ठेवली जाते. परिणामी एकाच वेळी दोन नोंदी उघड्या असण्याची अवस्था शक्य होते आणि ती टाळण्यासाठी जागोजागी तपासण्या लिहाव्या लागतात. शिवाय नोंद साठवली जाते तेव्हा ही खूणही तिच्याबरोबर साठवली जाते. याउलट, यादीच्या शेजारी ‘सध्या कोणती ओळख उघडी आहे’ आणि ‘तिचा कच्चा मजकूर काय’ अशा दोनच गोष्टी ठेवल्या तर दोन नोंदी एकदम उघडणे रचनेतच अशक्य होते. जी चूक घडूच शकत नाही तिच्यासाठी तपासणी लिहावी लागत नाही.

एंटर, एस्केप आणि बाहेर जाणे यांचा परस्परसंबंधही येथेच सुटतो. एस्केप दाबल्यावर आज्ञावली लेखनाची चौकट पानावरून काढून टाकते. चौकट काढली जाताना काही ब्राउझरांत ‘लक्ष गेले’ ही घटना घडते, आणि लक्ष गेल्यावर जतन करावे असे तर आपणच लिहिलेले असते. परिणामी जो बदल रद्द केला तोच पक्का होतो. एंटरच्या बाबतीत तोच बदल दोनदा जतन होतो. विद्यार्थी यावर उपाय म्हणून काही क्षण थांबणारे टायमर घालतात. ती मलमपट्टी होय. कच्चा मजकूर एकाच ठिकाणी असेल तर जतन करणाऱ्या क्रियेने प्रथम ‘काही उघडे आहे काय’ एवढे पाहावे आणि नसेल तर निमूटपणे परत फिरावे, म्हणजे काम भागते.

एंटर कळीविषयी एक आक्षेप मराठी लेखकाने नोंदवलाच पाहिजे. रोमन अक्षरे टंकून मराठी शब्द उमटवणाऱ्या साधनांत शब्द अपुरा असताना पर्याय दिसतात आणि त्यांतील एक एंटर दाबून निवडता येतो. आज्ञावली मात्र प्रत्येक एंटरला ‘झाले’ असे समजते. ‘ज्ञानेश्वर’ लिहिणाऱ्याची नोंद अर्ध्यावरच पक्की होते. शब्द अद्याप घडतो आहे की नाही हे ब्राउझर कळीच्या घटनेबरोबर सांगत असतो. ते विचारण्यासाठी एक अट पुरे. ती अट नमुन्यादाखल सर्वत्र फिरणाऱ्या आज्ञावल्यांत फार क्वचित आढळते, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या भाषेला तिची गरज पडत नाही. क्रमवारीचीही गत अशीच. जावास्क्रिप्टची सॉर्ट ही क्रिया काही न सांगता वापरली तर ती अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांनुसार लावते. तेथे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, आपल्या शालेय वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नावांची यादी लावताना तुलना मराठीच्या नियमाने करावी असे भाषेला स्पष्ट सांगावे लागते आणि तशी सोय तिच्यात आहे.

नमुना ६, नमुना ७ आणि नमुना ८

मतदार नोंदणी नियम, १९६० अन्वये यादीत नाव घालण्यासाठी नमुना ६, नावाला हरकत घेण्यासाठी अथवा ते वगळण्यासाठी नमुना ७ आणि तपशील दुरुस्त करण्यासाठी नमुना ८ वापरला जातो. नागरिक यादीला स्वतः हात लावत नाही. तो काय व्हावे हे कागदावर लिहून देतो. यादीत बदल करण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असतो आणि प्रत्येक बदलामागे एक कागद उरतो. वगळलेले नाव मूळ यादीतून खरवडून काढत नाहीत. ते वगळल्याची खूण होते आणि वाढलेली नावे पुरवणीत शेवटच्या अनुक्रमांकानंतर येतात.

२०१४ मध्ये फेसबुकने मांडलेली फ्लक्स ही रचना आणि २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी तयार केलेले रिडक्स यांचे सूत्र याहून फार निराळे नाही. पडद्यावरील बटण यादी बदलत नाही. ‘वाढवा’, ‘वगळा’, ‘दुरुस्त करा’ असा प्रकार आणि आवश्यक तपशील असलेला एक छोटा अर्ज ते पुढे पाठवते. जुनी यादी आणि अर्ज हाती घेऊन नवी यादी देणारी क्रिया एकाच ठिकाणी लिहिलेली असते. जुनी यादी तशीच राहते. त्यामुळे मागे जाणे सोपे होते, काय घडले ते क्रमाने वाचता येते, आणि ब्राउझर न उघडताही त्या एका क्रियेची चाचणी घेता येते. नवी यादी देणाऱ्या क्रिया आता भाषेतच आल्या आहेत. मॅप आणि फिल्टर जुनेच आहेत. २०२३ च्या प्रमाणात मूळ यादीला धक्का न लावता काप घेणारी आणि क्रम लावणारी रूपेही समाविष्ट झाली. फिल्टर वापरल्याने आणखी एक जुना दोष आपोआप टळतो. यादीवरून पुढे जात जात स्प्लाइसने नोंदी काढल्या तर शेजारच्या दोन नोंदींपैकी दुसरी निसटते, कारण ती सरकून पहिलीच्या जागी येते आणि आपण तोवर पुढे गेलेलो असतो.

तथापि, रिडक्सचा सरसकट वापर प्रस्तुत लेखकास मान्य नाही. वीस नोंदींच्या यादीसाठी चार फायली आणि सहा नावे निर्माण करणारे प्रकल्प पाहिले की, घरातल्या किराणा यादीलाही राजपत्रात प्रसिद्धी देण्याचा प्रकार आठवतो. सूत्र घ्यावे, सरंजाम घेऊ नये. ‘यादी आणि अर्ज द्या, नवी यादी घ्या’ ही एक साधी क्रिया कोणत्याही ग्रंथालयाशिवाय पंचवीस-तीस ओळींत लिहिता येते.

संपूर्ण यादी पुन्हा रचावी की फरक तेवढाच लावावा, या वादालाही आपल्या ओळखीचे उदाहरण आहे. विधानसभेची मतदार यादी वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहते. परंतु विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांच्या शिक्षक मतदारसंघात १ डिसेंबर २०२० रोजी आणि पदवीधर मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ रोजी मतदान झाले. दोन्ही वेळी अनुक्रमे नमुना १९ आणि नमुना १८ पुन्हा भरावे लागले. मागील वेळी भरला होता, आता पुन्हा कशाला, अशी कुरकूर आपण सर्वांनी केलेली आहे. नव्याने रचण्यात श्रम अधिक, पण शिळ्या नोंदी साचत नाहीत. दुरुस्तीत श्रम कमी, पण एक दुरुस्ती राहून गेली की ती पुढे चालत राहते. जेक्वेरीच्या काळातील आज्ञावल्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. नोंद वाढली की ओळ जोडा, एकूण संख्या बदला, ‘यादी रिकामी आहे’ ही सूचना लपवा, अशा सर्व गोष्टी हाताने कराव्या लागत आणि एखादी हमखास विसरली जाई. रिअॅक्टने मांडणीच्या पातळीवर नव्याने रचण्याचा आणि कृतीच्या पातळीवर दुरुस्तीचा असा मार्ग काढला, हे त्याचे श्रेय होय. एकूण संख्या, गाळलेली यादी, लावलेला क्रम या गोष्टी साठवू नयेत, मूळ यादीवरून दर वेळी काढाव्यात, हा नियम यातूनच निघतो. टुडू-एमव्हीसीच्या बहुतेक रूपांत तो पाळलेला दिसतो.

शेवटी या संहितेतील एका नियमाविषयी स्पष्ट मतभेद नोंदवणे आवश्यक आहे. संपादनासाठी उघडलेल्या नोंदीचा मजकूर पूर्ण पुसून एंटर दाबले तर ती नोंदच वगळावी, असे तपशील सांगतो. कामांच्या यादीत ही सोय आहे. परंतु हीच रचना उतरवलेल्या गुणयादीत किंवा नावांच्या यादीत चौकट नजरचुकीने रिकामी राहिली की विद्यार्थीच नाहीसा होतो. दुरुस्ती करता करता वगळणे घडते, म्हणजे नमुना ८ भरला आणि त्याचा नमुना ७ झाला. मतदार यादीत नावाला हरकत आली तर संबंधित व्यक्तीला नोटीस दिली जाते आणि चौकशीनंतरच नाव वगळले जाते. आज्ञावलीत एवढे सोपस्कार शक्य नाहीत, पण दोन गोष्टी शक्य आहेत. रिकामा मजकूर आला तर दुरुस्ती नाकारून जुना मजकूर परत दाखवावा. आणि वगळणे ही स्वतंत्र, स्वतःच्या बटणाची कृती ठेवून तीतही नोंद तत्काळ न पुसता ‘वगळलेली’ अशी खूण करावी, दर्शनातून गाळावी आणि परत घेण्याचा मार्ग खुला ठेवावा. वर वर्णिलेल्या रचनेत यासाठी अर्जाचा एक नवा प्रकार आणि गाळणीत एक अट एवढेच वाढते.